फॉगरचं बटण दाबण्याआधी थांबा

नवरात्र तोंडावर आलं की घरोघरी साफसफाई निघते. माळे रिकामे होतात, पितळेची भांडी चिंचेच्या पाण्यात पडतात, आणि फ्रिज भिंतीपासून ओढला की मागून झुरळं पळतात. किळस येते. घरात लहान मूल असेल तर भीतीही वाटते, आणि ती खोटी नाही. झुरळांची विष्ठा आणि त्यांनी टाकलेली कात यांनी मुलांचा दमा बळावतो. मग कुणीतरी सुचवतं, एक डबा मिळतो. खोलीच्या मधोमध ठेवायचा, वरचं बटण दाबायचं, दार ओढून बाहेर पडायचं. दोन तासांत घर साफ. ऑनलाइन मागवला की उद्या दारात.

तो डबा घरात आला असेल, किंवा मागवायचं तुमच्या मनात असेल, तर हात जोडून विनंती आहे. थांबा. हे पूर्ण वाचा. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. झुरळं काही आज रात्रीत वाढून घर ताब्यात घेणार नाहीत. पण तुम्ही घाई केलीत, तर जे होईल ते आज रात्रीच होऊ शकतं.

या डब्याला फॉगर म्हणतात. नेहमीच्या स्प्रेवर आपलं बोट असतं, बोट काढलं की फवारा थांबतो. फॉगरचं तसं नाही. बटण एकदा दाबलं की ते अडकून बसतं, आणि डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत धुकं निघत राहतं. चुकलं म्हणून मध्येच बंद करता येत नाही. त्या धुक्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कीटकनाशक, बहुधा सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिनच्या जातीचं. दुसरी म्हणजे ते बाहेर ढकलणारा वायू, आणि तो पुष्कळ डब्यांमध्ये प्रोपेन किंवा ब्युटेन असतो. तुमच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो तोच. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. डब्यातल्या वायूची तशी चाहूल लागेलच असं नाही. हा वायू हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. आणि जमिनीलगत काय असतं? फ्रिजचा कॉम्प्रेसर. तो मधूनमधून आपोआप सुरू होतो आणि सुरू होताना ठिणगी पडू शकते.

जुलै २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या चायनाटाउन भागात एका इमारतीत एकाच वेळी बरेच फॉगर सोडले गेले. स्फोट झाला, इमारतीचा काही भाग कोसळला, माणसं जखमी झाली. सोडणाऱ्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना किडे घालवायचे होते, तुमच्यासारखंच.

म्हणून बटणाला हात लावण्याआधी घरभर फिरा आणि प्रत्येक ज्योत विझवा. शेगडी बंद करा, रेग्युलेटरही बंद करा. गॅस गिझर बंद करा. देवघरात जा. समई, निरांजन, अगरबत्ती, धूप, सगळं शांत झालंय का बघा. डासांची कॉइल विझवा, डासांच्या मशीनचा प्लग काढा. फ्रिजचा प्लग काढा; दार उघडलं नाही तर आतलं दूध दोन-चार तासांत नासत नाही. मग मेन स्विच बंद करा, आणि इन्व्हर्टर विसरू नका. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपलं काम सुरू करतो, आणि अंधारात पंखा फिरताना दिसला तरी आपल्या लक्षात येत नाही की घरात वीज अजून खेळतेय.

एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. नवरात्रात पुष्कळ घरांत नऊ दिवस अखंड दिवा असतो. तो विझवायला कुणाचं मन होणार नाही, आणि कुणी विझवा असं म्हणणारही नाही. मग फॉगर त्या नऊ दिवसांत नकोच. दिवा एका खोलीत आणि धुकं दुसऱ्या खोलीत, असं मनाशी ठरवू नका. दाराखालच्या फटीतून वायू जातो. दिवा लावण्याच्या आधी काय ते उरका, नाहीतर दसऱ्यानंतर बघा.

आता डबे किती? इथेच सगळ्यात जास्त चूक होते, कारण आपल्याला वाटतं, एकाने झुरळं मरतात तर दोनांनी पक्की मरतील. पेन्सिल घ्या. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा आणि तिन्हींचा गुणाकार करा. आठ बाय आठचं स्वयंपाकघर, उंची नऊ फूट. गुणाकार झाला ५७६ घनफूट. आता डब्यावर बघा, तो किती जागेसाठी आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कितीतरी डब्यांवर २,००० घनफूट लिहिलेलं असतं. म्हणजे मुंबई-पुण्याच्या साध्या स्वयंपाकघराला एकच डबा तिपटीहून जास्त होतो. आणि आपण म्हणतो, एक ओट्याखाली ठेवू, एक बेसिनखाली, एक माळ्यावर!

असं करू नका. कपाटात, ट्रॉलीत, सिंकखाली, टेबलाखाली फॉगर कधीही सोडू नका. बाथरूमसारख्या चिंचोळ्या जागेत सोडू नका. एका खोलीला एकापेक्षा जास्त नाही, आणि खोली लहान असेल तर एकही नाही. लेबलावर लिहिलेला आकडा ही शिफारस नसते. ती मर्यादा असते.

पण मुळातच एक प्रश्न विचारायला हवा, आणि मला वाटतं तोच सगळ्यात मोलाचा आहे. हे धुकं जातं कुठे?

रात्री अकराला दिवा लावून शेगडी उचलून बघा. बर्नरखालच्या तेलकट पत्र्याच्या कडेला, जिथे पोस्टकार्डही सरकणार नाही, तिथे तांबूस पिवळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान झुरळं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. मानेमागे दोन काळसर उभे पट्टे. ही जर्मन झुरळं. आपल्या स्वयंपाकघरातली खरी वस्ती यांची. मोरीतून, चेंबरमधून येणारं मोठं लालसर झुरळ वेगळं. ते पाहुणं असतं. ही घरचीच. ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या दाराच्या रबराच्या चुणीत, मिक्सरच्या बुडाशी, भिंतीवरच्या घड्याळामागे. दिवसाचा बहुतेक वेळ ती फटीत असतात. मादी पोटाच्या टोकाला अंड्यांची पिशवी घेऊन फिरते. एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं.

आणि फॉगरचं धुकं? पीठ चाळताना बारीक पीठ उडून ओट्यावर बसतं, तसं ते वरून खाली येऊन सपाट जागांवर बसतं. ओट्यावर. पोळपाटावर. जेवणाच्या टेबलावर. फरशीवर. गादीवर. बाळाच्या दुपट्यावर. बिजागरीच्या फटीत ते वळून शिरत नाही. झुरळाला त्याचा वास टोचतो आणि ते आणखी आत सरकतं, किंवा पाइपच्या भोकातून शेजारच्या घरी जातं. चार दिवस घर शांत वाटतं. पाचव्या दिवशी ती परत येतात.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कीटकतज्ज्ञांनी हे झुरळं झालेल्या खऱ्या घरांत तपासून पाहिलं. २०१९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारातले चार प्रकारचे फॉगर त्यांनी लेबलाप्रमाणे वापरले. झुरळांची संख्या घटली नाही. फरशीवर आणि ओट्यावर मात्र कीटकनाशकाचे अंश कितीतरी पटींनी वाढलेले सापडले, आणि महिन्यानंतरही ते पूर्ण गेलेले नव्हते. ज्या घरांत त्यांनी फॉगरऐवजी झुरळांसाठीचं जेल लावलं, तिथे झुरळं झपाट्याने कमी झाली.

रांगणारं बाळ फरशीवरच असतं ना? हात फरशीला लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. आजी जमिनीवर बसून भाजी निवडतात. झुरळ फटीत आणि बाळ फरशीवर. मग औषध कुणाच्या अंगाला लागतंय, हे तुम्हीच बघा.

म्हणून तुमच्याकडे पहिलं मागणं हे, की फॉगर आधी बाजूला ठेवा आणि जेल वापरून बघा. किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात सिरिंजसारख्या नळीत ते मिळतं. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेलं. आधी ओटा घासून तेलकटपणा काढा. मग मुगाच्या दाण्याएवढे ठिपके लावा, एक मोठा गोळा नको, बरेच लहान ठिपके. ट्रॉलीच्या बिजागरीत, सिंकखालच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला, शेगडीच्या पायांजवळच्या फटीत. मुलांचा हात पोहोचेल तिथे नको, अन्नाला लागेल तिथे नको. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत परत जातं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ बाकीची खातात, आणि तीही मरतात. तुमचं औषध तुमच्या हाताशिवाय फटीच्या तळापर्यंत पोहोचतं.

एक पथ्य मात्र पाळाच. जेल लावलेल्या जागी स्प्रे मारू नका, फिनाईल ओतू नका. वास लागला की झुरळ जेलला तोंड लावत नाही, आणि मग आपण म्हणतो जेलचा उपयोग झाला नाही. धीर धरा. आठवडा-दोन आठवडे जातात. अंड्यांतून नंतर निघालेल्या पिल्लांसाठी ठिपके पुन्हा लावा.

आणि रात्री ओटा कोरडा ठेवा. खरकटी भांडी सिंकमध्ये रात्रभर ठेवू नका. तेवढं एक केलंत तरी फरक दिसतो. गळणारा नळ दुरुस्त करा, कारण झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं पण पाण्यावाचून फार काळ नाही. फडताळात डब्यांखाली अंथरलेले जुने पेपर काढून टाका. वाण्याकडून आलेलं खोकं घरात तसंच ठेवू नका, त्याच्या पन्हाळीतून अंडी घरात येतात. मोरीला जाळी बसवा.

हे सगळं करूनही कुणी फॉगर वापरणारच असेल, तर त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण मग हे ऐका. ऐकाच.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ ते २०१५ या काळातल्या फॉगरच्या दुखापती तपासल्या. दहा राज्यांत मिळून ३,२२२ माणसांना त्रास झाला होता. बहुतेकांचं खोकला, धाप, उलट्या यांवर निभावलं. सगळ्यांचं तेवढ्यावर निभावलं नाही. त्रास का झाला, याची कारणं वाचली की मन हळहळतं, इतकी ती साधी आहेत. माणसं वेळेत घराबाहेर पडली नाहीत. सांगितलेल्या वेळेआधी आत आली. जास्त डबे सोडले. शेजाऱ्यांना कळवलं नाही. त्या काळात लेबलं बदलून सोपी केली, चित्रं घातली. तरी प्रमाण म्हणावं तसं उतरलं नाही. लेबल कितीही चांगलं असलं तरी ते कुणीतरी वाचावं लागतं.

तुम्ही वाचा. चष्मा लावून वाचा. अक्षरं बारीक असतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठी करा. घराबाहेर किती तास राहायचं आणि परत आल्यावर खिडक्या किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे दोन आकडे शोधा आणि कागदावर लिहून दारावर चिकटवा.

बाहेर पडताना घरात कुणी राहायला नको. कुणीही म्हणजे कुणीही. आजोबांना चालवत नाही म्हणून त्यांना आतल्या खोलीत दार लावून बसवू नका. झोपलेलं बाळ उचला. मांजराला बाहेर काढा. परमेथ्रिन मांजरांना फार बाधतं, त्यांच्या शरीराला ते पचवता येत नाही. पोपटाचा पिंजरा बाहेर न्या. माशांची टाकी नेता येत नसेल तर फॉगर सोडूच नका. टाकीचा पंप खोलीतली हवा पाण्यात ओढतो, आणि माशांना हे औषध फारच विषारी असतं. डबे, भांडी, मिसळणाचा डबा, पाण्याचं पिंप, खेळणी, दाताचे ब्रश, उशा, सगळं झाका किंवा बाहेर न्या.

मग शेजारच्या दारावर टकटक करा. हे टाळू नका. आपल्या इमारतींत भिंती एकच असतात, डक्ट एकच असतो, चाळीत तर छपराखालची पोकळी सगळ्यांची एकच. वरच्या मजल्यावरच्या काकूंना दमा असेल. समोरच्या घरात नऊ दिवसांची बाळंतीण असेल. तुम्हाला माहीत नसतं. त्यांना सांगा, कधी सोडणार, किती वेळ. त्यांनी नको म्हटलं तर नको. यात कमीपणा नाही. तुमच्या घरात बाळ असतं तर त्यांनी तुम्हाला विचारावं, असंच तुम्हाला वाटलं असतं.

परत आल्यावर दार उघडा आणि आधी खिडक्यांकडे जा. दिव्याचं बटण दाबू नका. काडी ओढू नका. देवापुढे दिवा लावायचा तो नंतर. खिडक्या उघडून पुन्हा बाहेर या आणि लेबलावर लिहिलंय तेवढा वेळ बाहेरच थांबा. भूक लागली असेल, मुलं कंटाळली असतील, क्रिकेटचा सामना सुरू झाला असेल. थांबा.

घर मोकळं झालं की ओटा, टेबल, फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. ही पुसापुशी कोण करणार? दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या ताईंवर ती ढकलू नका. त्या उकिडव्या बसून उघड्या हातांनी फरशी पुसतात, अनवाणी असतात, आणि तुम्ही काय फवारलंय ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या मुलांना ज्यातून वाचवलं, ते दुसऱ्याच्या आईच्या हाताला लागू देऊ नका. स्वतः करा, हातमोजे घालून. त्यांना आदल्या दिवशीच फोन करून सांगा, उद्या येऊ नका, पगार कापणार नाही.

इथवर मी दुकानात मिळणाऱ्या डब्याबद्दल बोललो. आता त्याहून मोठ्या धोक्याबद्दल. हे वाचताना कृपया मोबाइल बाजूला ठेवा.

धान्याच्या कोठारात किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. माणसं राहतात त्या घरात या गोळ्या ठेवायच्या नसतात. त्या सर्रास विकायच्याही नसतात. तरी कुणी गावाकडून आणतं, कुणी "जालीम औषध आहे" म्हणून कपाटात, पलंगाखाली, झुरळांसाठी, ढेकणांसाठी ठेवतं. फॉस्फिनवर उतारा नाही. डॉक्टरांच्या हातात फक्त आधार देणं उरतं. या वायूने माणसं झोपेत गेली आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या घरात गोळीही नव्हती. गोळी शेजारच्या घरात होती.

तुमच्या घरात अशी गोळी असेल तर आज तिच्यापाशी झोपू नका. खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. त्या गोळीवर पाणी टाकू नका. संडासात सोडू नका. कुठे मिळत असेल, कुणी फुकट देत असेल, तरी घेऊ नका. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला आणि शेजारी आजच कीड मारली असेल, तर कुणाला विचारत बसू नका, खाली उतरा. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका.

शेतातलं औषधही घरात नको. यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी दगावले, ते उघड्या शिवारात. तीच औषधं बंद खोलीत मारली तर काय होईल! पाण्याच्या बाटलीत भरून मिळणारं, लेबल नसलेलं पांढरं औषध घेऊ नका. डायक्लोरव्हॉससारख्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी जुनी बाटली माळ्यावर असू शकते. बाटलीवर तिरका चौकोन बघा. खालचा भाग लाल असेल तर ते अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं समजू नका. चौकोनच नसेल तर ती बाटली मुळीच उघडू नका.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावणार असाल, तर बोलवा. चांगली माणसं या कामात आहेत आणि ती तुमच्यापेक्षा नीट काम करतात. फक्त विचारा. कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का? कोणतं औषध मारणार, त्याचं नाव लिहून द्याल का? किती तास बाहेर राहायचं? "काही होत नाही हो, बिनवासाचं आहे" एवढंच उत्तर मिळालं, तर त्यांना नम्रपणे परत पाठवा. प्रश्न विचारल्याचा राग चांगल्या माणसाला येत नाही.

अमेरिकेत, न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये शिकायला गेलेली आपली मुलं-मुली तीन-चार जणांत एक अपार्टमेंट भाड्याने घेतात. तिथे फॉगरचे डबे दुकानाच्या फळीवर साध्या साबणाशेजारी मिळतात. त्यांच्याशी रविवारी बोलाल तेव्हा जेवलास का, थंडी आहे का, याबरोबर हेही सांगा. झुरळं झाली तर आधी घरमालकाला कळव, फॉगर आणू नकोस.

त्रास कसा ओळखायचा? डोळे चुरचुरतात. चेहऱ्याला मुंग्या येतात. खोकला थांबत नाही, छाती आवळते, मळमळतं, डोकं गरगरतं. मूल असेल तर ते नुसतंच किरकिरं होतं किंवा मलूल पडतं. घरात आज काहीतरी फवारलं आहे आणि यातलं काही दिसतंय, तर "बाधलं असेल काहीतरी" म्हणून झोपवू नका. मोकळ्या हवेत आणा. कपडे बदला, अंग साबणाने धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. डबा किंवा बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा; औषधाचं नाव कळलं की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. श्वास लागत असेल तर लगेच १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीची शंका आली तर १९०६. हे क्रमांक फ्रिजच्या दारावर लावा, मोबाइल नेहमी सापडतोच असं नाही.

आता उठा. पाच मिनिटं लागतील. सिंकखालचं कपाट उघडा आणि एकेक बाटली बाहेर काढा. लेबल आहे का बघा. फॉगरचा डबा उन्हात किंवा शेगडीजवळ असेल तर तिथून हलवा, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. मोकळा डबा भोसकू नका, जाळू नका, शेकोटीत टाकू नका. कचरा गोळा करायला येणाऱ्यांच्या हातात वेगळा द्या आणि काय आहे ते सांगा.

आणि सोसायटीच्या फलकावर एक कागद लावा. सेक्रेटरींना सांगा, नाहीतर स्वतः लिहा. घरात औषध फवारायचं असेल तर दोन दिवस आधी खालीवरच्या आणि शेजारच्या घरांना कळवावं. औषधाचं नाव, तारीख, वेळ लिहावी. धान्यातल्या किडीच्या गोळ्या कुणीही आणू नयेत. त्याखाली तुमच्या घराचा क्रमांक घाला, म्हणजे ज्यांना विचारायचं आहे ते तुमच्याकडे येतील. ते आले की त्यांना आत बोलवा, शेगडी उचलून दाखवा, आणि जेल कुठे लावायचं ते सांगा.